दार्मीचं घर रस्ता ओलांडतं

एल-दिमाच्या थांब्यावर दार्मीचं हॉटेल कुठे आहे, असं विचारायची पाळी पूर्वी कुणावर आली नाही. मार्साबितचा डोंगर उतरून मोयालेकडे निघालेला ट्रक दिदा गलगलूच्या ओसाड माळावरच्या काळ्या दगडांवरून दिवसभर आदळत-आपटत यायचा. खाली गुरं नाहीतर मक्याची पोती, वर लोखंडी दांड्यांना धरून बसलेली माणसं. वळण घेतलं की समोर दार्मीच्या घराचं दार दिसायचं आणि ट्रक आपोआप थांबायचा. ड्रायव्हर म्हणत, ब्रेक आम्ही दाबत नाही, गाडीलाच ठाऊक आहे.

उतरलेल्या माणसांना नाक-डोळे नसायचेच. असायची ती नुसती धूळ. दार्मी प्रत्येकाच्या हातात आधी पाण्याचा मग द्यायची. तोंड धुतल्याशिवाय चहा नाही, हा तिचा नियम. शिकलेला असो, अडाणी असो, पोलीस असो, नियम सगळ्यांना एकच. धूळ उतरली की ती माणसाकडे नीट बघायची आणि म्हणायची, "अरे, तू तर बोरूचा जावई! मघाशी उंटाच्या पिल्लासारखा दिसत होतास."

दुष्काळात नवरा गेला आणि उंटही गेले. उरली ती दोन पातेली, एक किटली आणि स्वतःचं घर. उंट पाळणाऱ्या गब्रा लोकांत घर बाईचं असतं. वाकवलेल्या काठ्या, त्यांवर विणलेल्या चटया, वर कातडी; ते उभारायचं बाईनं, उतरवायचं बाईनं. दार्मीनं लग्नाच्या वेळी मिळालेल्या काठ्या रस्त्याच्या कडेला रोवल्या आणि चहा मांडला. उंटिणीच्या दुधाचा दाट चहा, चपात्या, बकऱ्याचा रस्सा. गाडीच्या स्प्रिंगचे पाटे तुटले आणि ड्रायव्हर दोन-दोन दिवस अडकून पडला, तर त्याच्यासाठी तुपात तळलेली कॉफीची अख्खी फळं. मेरूकडचा मुतुमा असाच एकदा अडकला होता. पहिल्यांदा ती फळं चावताना त्याचं तोंड इतकं वाकडं झालं, की दार्मी हसून हसून खाली बसली. जाताना मात्र त्यानं खिसाभर मागून नेली.

मग डांबर आलं.

जुना रस्ता दार्मीच्या घरासमोरून, पश्चिमेकडून वळसा घेऊन जायचा. नव्या रस्त्याचं काम करणाऱ्यांनी ते वळण सरळ केलं, आणि नवा रस्ता घराच्या मागून, पूर्वेकडून गेला. दार्मी जागची हलली नव्हती. हलला होता तो रस्ता. पण व्हायचं ते झालंच. घराची पाठ रस्त्याला आली, आणि दारासमोरच्या जुन्या रस्त्यावर शेळ्या रवंथ करत बसू लागल्या.

सुरुवातीला जुने ड्रायव्हर भोंगा वाजवून घराला वळसा घालून यायचे. पण डांबरावर पाटे तुटत नाहीत. सकाळी मार्साबित सोडलेली गाडी दुपारच्या आत मोयाले गाठते, मग वाटेत थांबायचं कशाला? नव्या ड्रायव्हरांना तर रस्त्यावरून दिसायच्या नुसत्या चटया. त्यांच्या मनात यायचं, कुणाचं तरी घर असेल.

शेजारी गोदानानं पत्र्याचं हॉटेल बांधलं होतं. सिमेंटचा कट्टा, निळा रंग आणि दार थेट रस्त्याकडे. माणूस मनानं चांगला, पण जिभेला हाड नव्हतं.

"वाकोची आई," तो एकदा दार्मीकडे चहा प्यायला आला असताना म्हणाला, "तुझं घर रस्त्यावर रुसलंय का गं? पाठ फिरवून बसलंय!"

"रुसलं नाही. रस्ता मागनं आला. मागनं आलेल्यानं पुढं यावं, घरानं का वळावं?"

"अगं, एक दार तर फिरवायचं. चार काठ्या इकडच्या तिकडे."

"आणि मग? पूर्वेकडे दार केलेलं गब्रा बाईचं घर तू पाहिलंयस कधी?"

गोदानानंच काय, कुणीच पाहिलं नव्हतं. गब्रांचं दार पश्चिमेकडे. वारा सगळं वर्ष आग्नेयेकडून सुटतो आणि आला की खडेही उडवतो, हे एक. आणि आईनं, आजीनं, पणजीनं तसंच केलं, हे दुसरं. यातलं कुठलं कारण मोठं, असा प्रश्न दार्मीला कुणी विचारला नव्हता आणि विचारला असता तर तो तिला येडपटपणाचाच वाटला असता.

पण दिवस वाईट येत चालले होते. सकाळी केलेल्या चपात्या संध्याकाळी शेजारच्या पोरांना वाटाव्या लागायच्या. ही बातमी मार्साबितला गेलीच. दार्मीचा मुलगा वाको तिथे दुकान चालवायचा. एक दिवस तो पिकअप घेऊन आला.

"आई, चल आता. तुझ्यासाठी खोली रिकामी केलीय. पक्की खोली, दाराला कुलूप."

"मार्साबितला धुकं असतं," दार्मी म्हणाली. "सकाळी आपलाच हात दिसत नाही. मी तिथे काय बघत बसू?"

"नातवंडं बघ."

"नातवंडं शाळेत असतात. मग मी भिंत बघू?"

"इथे तरी काय बघतेस? आज किती गाड्या थांबल्या?"

एकही थांबली नव्हती. वाकोला ते माहीत होतं आणि त्याला माहीत आहे हे तिलाही माहीत होतं. तो खाली बसला आणि हळू आवाजात म्हणाला, "मी तुला ओढून नेत नाहीये. पण तू इथे एकटी, गिऱ्हाईक नाही, काही नाही. लोक मला विचारतात. हे हॉटेल चाललं असतं तर मी शब्द काढला नसता."

"चाललं असतं तर नसता काढला?"

"नसता."

"तुझे थोरले काका साक्षीला आहेत हं," दार्मी म्हणाली. तिचे थोरले दीर जिलो कोपऱ्यात बसून चहा पीत होते. डोक्याला पांढरा फेटा, हातात काठी. सगळ्या वस्तीत शुभ-अशुभ वार तेच सांगायचे. त्यांनी नुसती मान डोलावली.

त्या दुपारी दार्मी घराला वळसा घालून मागे गेली आणि डांबराच्या कडेला बराच वेळ उभी राहिली. एक बस गेली, दोन ट्रक गेले. रस्त्याच्या अलीकडे सगळी वस्ती होती. नळ, मशीद, शाळा, गोदानाचं निळं हॉटेल. पलीकडे काहीच नव्हतं. दगड आणि वारा. तिनं पलीकडे पाहिलं, मग आपल्या घराच्या पाठीकडे पाहिलं, पुन्हा पलीकडे पाहिलं. मग ती परत आली. चेहऱ्यावरून कुणी ओळखलं असतं, की या बाईचा हिशेब जुळलाय.

"भावजी, घर उतरवायला चांगला वार कधी?"

"परवा," जिलो म्हणाले.

"वाको, परवा घर उतरवते. तुझ्या मामाचे तीन उंट घेऊन ये."

वाकोला हायसं वाटलं. "उंट कशाला? पिकअप आहे ना."

"माझं घर आजवर कधी गाडीवर चढलेलं नाही. आता म्हातारपणी त्याला उलट्या व्हायच्या."

परवा उजाडलं. वस्तीतल्या बायका गाणी म्हणत जमल्या. चटया सोडल्या, कातडी गुंडाळली, काठ्या उपटून उंटांच्या दोन्ही अंगांना बांधल्या. चुलीतले निखारे दार्मीनं मातीच्या खापरात घेतले. तीन उंटांची माळ उभी राहिली. बायकांना वाटलं ती मार्साबितला चालली. कुणी डोळे पुसले. गोदानानं तर हॉटेल बंद ठेवलं होतं.

"वाकोची आई," उंटाचा दोर धरून तो म्हणाला, "माझी थट्टा मनावर घेतलीस का?"

"तुझी थट्टा मनावर घ्यायची तर मन केवढं मोठं लागेल! दोर सोड त्या उंटाचा."

तिनं पहिल्या उंटाची दोरी धरली आणि सरळ रस्त्याकडे निघाली. मार्साबित दक्षिणेला. ती पूर्वेला चालली होती.

"आई, कुठे?" वाको धावत आला.

"पलीकडे."

"पलीकडे काय आहे?"

"पलीकडनं पश्चिमेला बघितलं की काय दिसतं?"

वाको थांबला. त्यानं पलीकडे पाहिलं, मग मागे वळून पाहिलं. पलीकडून पश्चिमेला बघितलं की समोर रस्ताच दिसणार होता. जिलो इतके हसले की काठी टेकून उभं राहावं लागलं.

"दार्मी," ते म्हणाले, "माझ्या हयातीत एवढा लांबचा प्रवास कुणी केला नाही!"

पण उंटांना विनोद कळत नाही. पाठीवर घर चढलं म्हणजे दिवसभर चालायचं, एवढंच त्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत. डांबर लागताच पहिला उंट बिचकला. पायाखालचं काळं, गरम, मऊ काहीतरी त्यानं हुंगलं आणि मधोमध उभा राहिला. मागचे दोघे त्याच्या शेपटीला बांधलेले. तेही उभे राहिले. उत्तरेकडून बस आली, थांबली. दक्षिणेकडून ट्रक आला, थांबला. मागे अजून एक. भोंगे वाजू लागले, तसा पहिला उंट आणखी हट्टाला पेटला.

ट्रकमधून एक जाडजूड माणूस उतरला. मुतुमा. दोन पावसाळ्यांत तो इथे थांबला नव्हता.

"आई! तू? आणि घर घेऊन कुठे निघालीस? मला वाटलं हॉटेल बंद झालं!"

"बंद कुठलं? तूच आंधळा झालास. ढकल याला मागनं."

"उंटाला? लाथ मारेल!"

"माझी कॉफी चावताना याहून वाईट तोंड केलं होतंस. ढकल!"

मुतुमानं ढकललं, वाकोनं ढकललं, बसच्या कंडक्टरनंही हात लावला. उंट हलला तो असा, की रस्ता ओलांडून थेट माळावर चालत सुटला. बसायचं नाव नाही. आत्ताच निघालो आणि आत्ताच उतरा, हे त्याला पटेना. दार्मीनं त्याला माळावरून मोठा फेरा मारून आणलं, गळ्याखाली थोपटलं, गुडघ्यावर काठीनं हलकेच टोकरलं. शेवटी कुरकुरत तो बसला.

तोवर बसमधली माणसं खाली उतरली होती. बायकांनी काठ्या रोवायला घेतल्या तसे काही जण दोर धरायला पुढे आले. घर उभं राहिलं. पाठ वाऱ्याला, दार पश्चिमेला, आणि दारासमोर रस्ता. दार्मीनं निखाऱ्यांवर फुंकर घातली, तूप तापवलं, कॉफीची फळं टाकली. ती तडतडली तसे जिलोंनी हात वर करून आशीर्वाद म्हटले आणि सगळ्यांनी एकसुरात हुंकार भरला, बसमधल्या परक्यांनीही.

"चहा आहे का, आई?" कुणीतरी विचारलं.

"आहे. आधी तोंड धुवा."

"पण आता धूळ कुठे आहे? डांबर आहे की!" मुतुमा म्हणाला.

"धूळ नसली म्हणून काय झालं? झोप तरी आहे ना चेहऱ्यावर. धू!"

वाको पिकअपला टेकून उभा होता. त्याची गाडी रिकामीच होती. दार्मी त्याच्यासाठी चहा घेऊन आली.

"खोली रिकामी केलीय, तुझ्या सुनेला काय सांगू?" तो म्हणाला.

"तिथे शेळी बांधायला सांग. आणि दर सणाला मी येऊन चार दिवस धुकं बघेन."

वाकोनं चहाचा घोट घेतला. समोर बस उभी होती, दोन ट्रक उभे होते, आणि तिसरा वेग कमी करत होता. शब्द दिलेला, आणि तोही काकांच्या साक्षीनं. तो मागे घ्यायला जागा नव्हती आणि आता त्याला घ्यायचाही नव्हता.

"पण आई, नळ तर पलीकडे राहिला. पाण्याचं काय?"

दार्मीनं चार पिवळे कॅन उचलून पिकअपच्या मागच्या फळीवर आपटले.

"तू गाडी घेऊन आलायस ना?" ती म्हणाली. "मग उभा काय राहिलास? गिऱ्हाईक खोळंबलंय."