हिरवी नेट

शाळेसमोरच्या काकू आमच्या पर्यावरण मंडळावर कायम खार खाऊन असत. मुलांनी कुंपणाबाहेर कडुनिंबाची रोपं लावली, तर झाडू आपटत फाटकात उभ्या: “काहून हो मॅडम, उद्या याचा पाला कोण झाडीन?”

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा उघडली. रोपं जळालीच असणार, असं धरून मी गेले. ती हिरव्या नेटखाली टवटवीत उभी होती, बुडाशी ओल होती. दर उन्हाळ्यात काकूंच्या अंगणावर ताणलेली असते, तीच नेट. यंदा त्यांच्या अंगणात मात्र रखरखीत ऊन.

“काकू, नेट काढून देते,” मी म्हटलं.

झाडू आपटला. “राहू द्या. मले सरकून बसता येते. त्याईले येते काय?”