बिरूची कबुली

कोर्ट म्हणजे आपल्या पंचांची बैठकच, फक्त खुर्च्या जास्त, असं मी एके काळी समजत होते. सातवी पास, शिळा का होईना पेपर वाचणारी. त्यामुळं हुलसूरच्या आमच्या गल्लीत मीच बॅरिस्टर! याच शहाणपणापायी मी माझ्या धाकट्या भावाला, बिराप्पाला, न केलेला गुन्हा कबूल करायला लावला. मागच्या महिन्यात भावजयीचा फोन आला, "अक्का, तुमचा भाऊ सकाळी उठलाच न्हाई..." तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही. नातवंडांना सांगितली की हसतात. हसू देत. हसण्यासारखीच होते मी.

बिरू मेंढरांमागं वाढला. पण चरायला माळ उरेनात, बरोबरीची पोरं पुण्याला, हैदराबादला निघून गेली. बिरूनं लायसन काढलं. सरकारी बस चालवायची, एवढंच त्याचं मागणं. मुलाखतीचं पत्र आलं आणि त्याच आठवड्यात आमची मेंढरं एका शेतात शिरली, मारामारी झाली, शेतमालकाचा हात मोडला. मेंढरं आमची, म्हणून फिर्यादीत नाव बिरूचं. तो तर त्या दिवशी उदगीरच्या बाजारात मेंढे विकत होता!

वकील चुलत्याच्या ओळखीचा. कोर्टाच्या पायरीवर, कागदांची दोरीसुद्धा न सोडता म्हणाला, "कबूल हो, दंड भर, दुपारी घरी." बिरूनं माझ्याकडं बघितलं. आमच्यात रीत अशी, की 'चुकलो' म्हणून वाकायचं, पंचांनी कपाळाला भंडारा लावायचा आणि ज्याच्याशी भांडण त्याच्याच पंगतीत जेवायला बसायचं. पंचांपुढं वाद घालणाराच जास्त अडकतो. म्हणून मी मोठ्या रुबाबात मान हलवली, "व्हय म्हण रं." घरी पुरणाची डाळ भिजत घालून आले होते मी, बोला! त्याला तीन महिन्यांची कैद झाली... आणि शिक्षा झालेल्याला बसवर घेत नाहीत, हे नंतर कळलं.

तो सुटून आल्यावर त्याला बिदरजवळच्या नौबादच्या एका वकीलबाईंकडं घेऊन गेले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, "त्या दिवशी तू कुठं होतास?" बिरूनं पाकिटातून उदगीरच्या बाजारात मेंढे विकल्याची, नाव-तारीख घातलेली चिठ्ठी काढली. सुरुवातीपासून त्याच्याजवळच होती. कुणी विचारलंच नव्हतं. बाईंनी कपाळावर हात मारला. वकिलानं कागद वाचले नाहीत, कबुलीनं काय होईल ते सांगितलं नाही, तेव्हा ती कबुली रद्द करा, असा अर्ज वरच्या कोर्टात करायचं ठरलं. पायरीवर काय बोलणं झालं ते मी शपथेवर लिहून द्यायचं. मी चार पानं भरून वकिलाचा उद्धार केला. बाईंनी वाचलं आणि चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं.

"अक्का, यात वकील हाय, भाऊ हाय. तुम्ही कुठं हाव?"

"मी आपली बाजूला उभी होते."

"उभं राहून काय केलाव?"

मी दुसरा कागद घेतला. वकिलाच्या मागोमाग 'व्हय म्हण' असं मीही म्हणाले, आणि कायद्यातलं मला ओ की ठो कळत नव्हतं, असं लिहिलं. उभ्या आयुष्यात इतकं शुद्ध मी कधी लिहिलं नव्हतं.

कबुली रद्द झाली, खटला नव्यानं चालला, चिठ्ठीनं बिरूला सोडवलं. पण तोवर भरतीचं वय उलटून गेलं होतं. पुढं त्यानं दुसऱ्याची जीप चालवली, हुलसूर ते बसवकल्याण. माणसं गोळा करताना मेंढरांना घालायचा तीच शीळ घालायचा. बाया चिडायच्या, "आमी काय मेंढरं हाव का रं?" हा गंभीर तोंडानं म्हणायचा, "न्हाई मावशी, मेंढरं ऐकत्यात."

मला मात्र त्यानं कधीच बोल लावला नाही. तेच मला टोचायचं. निकाल लागला त्या दिवशी बिदरच्या स्टँडवर आम्ही चहा घेत होतो, तेव्हा न राहवून मी विचारलंच, "बिरू, तू तर तिथं नव्हतासच. मग कबूल कामून झालास रं?"

त्यानं बशीत फुंकर घातली. मग म्हणाला,

"वकिलाचं मला काय बी कळलं न्हाई, अक्का. पर तू मान हलवलीस... मला वाटलं, झाली असंल माझीच चूक. चहा पी, गार व्हायलाय."