चंडोलासाठी सोडलेला तुकडा

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले, पुढं शिकले, आता जालन्यात शिकवते. कुणाच्या शिफारशीनं नाही, आणि हे सांगायला मी लाजत नाही. पण परवाच्या पावसाळ्यात मला आमचं बरड वाचवायचं होतं, आणि तिथं त्या शिक्षणाचा कवडीचा उपयोग झाला नाही.

बरड म्हणजे शेताच्या वरच्या अंगाचा मुरमाड माळ. त्यावर कधी नांगर चालला नाही, म्हणून गवत टिकलं. वाटणीत तो धाकट्या भावाकडं गेला. मी बहीण; बोलू शकत होते, ठरवू शकत नव्हते. मोसंबीनं त्याला बरे दिवस आले होते. बरड सपाट करून, वर तळ्याचा गाळ टाकून त्याला आणखी मोसंबी लावायची होती. मशीन सांगून ठेवलेलं. मी फोनवर एवढंच म्हणाले, एकदा सकाळी माझ्यासोबत फिर, मग काय करायचं ते कर. नीट पाहिलं की त्याचा हात थांबेल, असं मला खात्रीनं वाटलं होतं.

पोळा होऊन गेला होता. पावसानं ओढ दिली होती, तरी पहाटेच्या दवानं चपला पायातून निसटत होत्या. पवन्या गवत गुडघ्याला लागत होतं. त्याच्या बुडाशी विष्णुक्रांतेची निळी फुलं, मधून मधून कुर्डूचे गुलाबी तुरे, बांधाच्या बाजूनं पिवळा तरवड. गवतात कुठंतरी लावा ओरडत होता. कापशी घार एका जागी पंख मारत हवेत थांबली होती. मी एकेक नाव सांगत चालले होते.

"मॅडम, हजेरी घेऊन राह्यल्या का?" भाऊ म्हणाला.

पण तो पाहत होता. खरंच पाहत होता. समोरून एक चंडोल गात गात सरळ वर चढला, तेव्हा हा मान वर करून उभा राहिला, टोपी पडली तरी उचलली नाही. इतकुशा पाखरात इतका आवाज कुठून येतो, असं मलाच विचारलं. मी मनात म्हटलं, जिंकले.

चार पावलं पुढं गेलो तर त्याच्या पायाजवळून चंडोलाची मादी फडफडत उठली. गवताच्या ठोंबाखाली काड्यांची लहानशी वाटी, आत ठिपक्याठिपक्यांची अंडी. भावानं उचललेला पाय तसाच मागं घेतला. हात लावला नाही.

आमच्याकडं रीत आहे. औत हाकताना टिटवीची अंडी दिसली की तेवढी जागा सोडून पुढं जायचं. आमचे वडील असंच करायचे. भावानं भोवती दगड मांडले.

"ताई, तू काळजी नको करू," तो म्हणाला. "एवढी जागा बराबर सोडतो."

मी म्हणाले, जागा नको सोडू, माळ सोड. मग त्याला सांगत बसले. हे पाखरू हातभर जमिनीवर जगत नाही, त्याला बी लागतं, किडे लागतात, लपायला गवत लागतं. वर्गात सांगते तसं सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. त्याच्या तोंडावर चेष्टा नव्हती, नुसतं कोडं होतं.

"मंग अजून काय करू? आपला बाप तरी काय येगळं करत व्हता?"

दुसऱ्या दिवशी मशीन आलं. भाऊ स्वतः दगडांपाशी उभा राहिला. मशीनवाल्यानं विचारलं, मालक, इथं देव बसवला का काय? भाऊ त्याच्यावर असा खेकसला की तो परत बोलला नाही. दिवसभर भाऊ तिथून हलला नाही, भाकरीसुद्धा उभ्यानं खाल्ली.

औतानं जागा सोडली तर ती आजूबाजूच्या मातीच्या बरोबरीनं राहते. मशीन मात्र जमीन खरवडून नेतं. संध्याकाळी सगळ्या बरडावर पिवळट उघडा मुरूम होता आणि मधोमध गुडघाभर उंच एक ओटा. त्यावर एक ठोंब. रस्त्यावरूनही तो दिसत होता.

सकाळी गेले तर अंडी नव्हती. टरफलाचा एक तुकडा होता. कावळ्यानं नेली की कुत्र्यानं, कळायला मार्ग नव्हता. मुळं तुटल्यानं ठोंब मान टाकत होता. वर आभाळात काही नव्हतं. कापशी आली, न थांबता निघून गेली.

भाऊ मागून आला. टरफल पाहून त्याचा चेहरा उतरला. सोंग नव्हतं ते. वडिलांनी केलं असतं त्याहून त्यानं जास्तच केलं होतं. त्याच्यावर रागवायचं तरी कशावरून? मला ते जमलं असतं तर बरं झालं असतं. रस्त्यावर गाळाचे टिप्पर येऊन थांबले होते, हॉर्न वाजवत होते.

"ताई, आता तं काही न्हाई ना इथं?"

"न्हाई."

"मंग काढू का हे? टिप्परला मधीच येऊन राह्यलं."

मी काढ म्हणाले.