पोळा फुटला आणि रायल्या सुटला

आमच्या तात्यांच्या घोड्यानं आयुष्यात एकच शर्यत जिंकली, आणि ती बैलांबरोबर होती.

तात्या म्हणजे माझे धाकटे चुलते. गाव औशाहून अर्ध्या तासावर. घरात पिढ्यान्‌पिढ्या देवणी गुरं. पण म्हातारपणी तात्यांच्या डोक्यात घोडं शिरलं. त्यांचा एक दोस्त हैदराबादकडं रेसच्या घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार होता. त्यानं फोन केला, "तात्या, एक थरोब्रेड घोडा रिटायर झालाय, सांभाळता का?" तात्यांनी हातातला चहा तसाच खाली ठेवला आणि टेम्पो बघायला गेले.

घोड्याचं कागदावरचं नाव रॉयल अरायव्हल. गावानं दोन दिवसांत त्याचं रायल्या केलं. कुमैत म्हणजे तांबूस काळपट रंग, कपाळावर पांढरा चांद, आणि अंग इतकं चकचकीत की काकूनं त्यात बघून कुंकू लावावं! शिवाय सोबत सात पिढ्यांचे कागद. "आपल्याला खापरपणज्याचं नाव सांगता येत न्हाई," तात्या सगळ्यांना ते कागद दाखवायचे, "आन ह्याच्या आज्याच्या आज्यानं विलायतेत बक्षिसं मारलेली लिवलेत!" स्वतः रायल्याची कामगिरी एका वहीत होती. पळाला बावीस वेळा, जिंकला शून्य. एकदा तिसरा आला होता. (त्या दिवशी घोडे तीनच होते.)

"हे पळायचं घोडं न्हाई," तात्या म्हणायचे, "हे बाप व्हायचं घोडं हाय. ह्याची लेकरं पळतेत का न्हाई बघा!"

पण बाप व्हायचं म्हणजे आई लागते. आणि पंचक्रोशीत नाव घेण्यासारखी घोडी एकच, रंगनाथआबांची चंद्रा. आबा म्हणजे गावातलं मोठं प्रस्थ. पोळ्याचा मान त्यांच्या घराचा. वेशीतल्या तोरणाखालून पहिली जोडी जायची ती आबांची, मग गावाची. तात्या वर्षभर आबांच्या ओसरीवर जाऊन चंद्रासाठी शब्द टाकत होते आणि आबा वर्षभर एकच सांगत होते, "रेसचं घोडं माथेफिरू असतंय. माणूस तुडवतंय. ती अवलाद मला नको."

तात्यांचे गुडघे गेलेले, वय सत्तरीपार. एकदा मला म्हणाले, "बाळ्या, ह्याचं एक शिंगरू पळालेलं डोळ्यानं बघायचं हाय. बस्स. मग देवानं उचललं तरी चालंल." मला गलबलून आलं. (याच गलबलण्यानं पुढं माझा घात केला.)

मी नांदेडला एका कॉलेजात हेडक्लार्क. पोळ्याला मी आणि वंदना, म्हणजे माझी बायको, गावी आलो तर अंगणात आबा उभे. खांदमळणीची संध्याकाळ, बैलांच्या खांद्याला हळद-तूप लावणं चाललेलं, आणि आबा रायल्याकडं टक लावून बघत होते.

"तात्या, एक डाव संधी देतो," आबा म्हणाले. "उद्या ह्याला बैलांच्या रांगेत हुबा कर. वर माणूस बसवून. सगळ्यात मागं. पोळा फुटंस्तवर गप ऱ्हायला आन बैलांमागं चालत गेला, तर चंद्रा पाठवतो. दांडगावा केला, तर ह्या विषयात पुन्यांदा तोंड उघडायचं न्हाई. कबूल?"

"कबूल!" तात्या म्हणाले. आबा गेले. मग तात्यांच्या लक्षात आलं की रायल्याला सांभाळणारा मोतद्दार सणाला आपल्या गावी गेलाय, त्यांचे स्वतःचे गुडघे रिकिबीत पाय घालू देत नाहीत, आणि वर बसवायला माणूस नाही. त्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं.

"तू हायस की!"

"मी?"

"कामून? तुला येतंय की घोड्यावर बसायला. तुझ्या मोबाइलवर फोटो हाय."

होता. माझ्या व्हॉट्सॲपला दोन वर्षं माझा अश्वारूढ फोटो होता. महाबळेश्वरला काढलेला. छाती पुढं, नजर क्षितिजावर. त्या फोटोत लगाम धरून चालणारा घोडेवाला मी कापून टाकला होता, आणि घोडा संपूर्ण वेळ कणीस खात होता, हे फक्त दोघांना ठाऊक होतं. एक मी आणि दुसरी वंदना.

"सांगा की तात्यांना," वंदना हळूच म्हणाली, "फोटोतलं खरं काय ते."

आता तुम्हीच सांगा, सत्तरीचा म्हातारा डोळ्यांत पाणी आणून बघतोय, गावभर माझा फोटो फिरलाय, आणि मी म्हणू की मला येत नाही? "त्यात काय एवढं!" मी म्हणालो. वंदनानं फक्त "बरं" म्हटलं. लग्नाला बावीस वर्षं झाल्यावर बायकोच्या त्या "बरं"चा अर्थ कळायला हवा होता.

"तू निस्ता बस," तात्यांनी धीर दिला. "बावीस येळा गेट उघडलं, बावीस येळा हा सगळ्यात शेवटी सुटला. लई शांत जीव हाय."

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर सगळं गाव वेशीत लोटलं. शिंगांना बेगड, पाठीवर झुली, गळ्यात घागरमाळा. समोर आंब्याच्या पानांचं तोरण ताणलेलं. तोरणापाशी आबांची देवणी जोडी, आणि जोडीचे कासरे धरून फेटा बांधलेले आबा. मला चार जणांनी मिळून रायल्यावर चढवलं आणि रांगेच्या शेवटी उभं केलं. वरून जमीन फार लांब दिसत होती. एखाद्यानं माळवदावर बसून खाली बघावं तशी.

पहिली पाच मिनिटं रायल्या दगडासारखा उभा. तात्या काठी टेकून लांबून हात हलवत होते. मी पण हलवला असता, पण दोन्ही हातांनी मी आयाळ धरली होती.

मग रायल्यानं मान वर केली. त्याला दिसलं ते असं, की जनावरं एका ओळीत, खांद्याला खांदा लावून, पुढं आडवी दोरी आणि दोन्ही बाजूंना ओरडणारी माणसं. त्याचे कान ताठ झाले. एवढ्या वर्षांची नोकरी, ती काय अंगातून जाते होय? तो सावकाश निघाला. बैलांच्या मधून वाट काढत, कुणाला धक्का न लावता, थेट पुढं.

"बाळ्या, मागं घे!" तात्या ओरडले.

"घ्यायलोय की!"

"मग पुढं कसं चाललंय?"

"ते त्याला इचारा!"

रायल्या आबांच्या जोडीशेजारी जाऊन तोरणासमोर उभा राहिला. अगदी सरळ, जागेवर. आबांनी एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मिशी थरथरली. माझ्या मांड्यांखाली घोड्याचं अंग तापायला लागलं होतं. एवढ्यात मंगलाष्टका सुरू झाल्या. आमच्याकडं पोळ्याला बैलांचं लग्न लागतं, ज्वारीच्या अक्षता पडतात, शेवटच्या 'सावधान'ला तोरण तुटतं आणि पोळा फुटतो. तात्यांचं शिंगरू, आबांचा मान आणि माझी हाडं, सगळं त्या एका घोड्याच्या चार पायांवर उभं होतं. शेवटचं कडवं आलं तेव्हा मी डोळे मिटले. (देवाचं नाव घेण्यासाठी. भीतीनं नव्हे.)

त्यानंतरचं मला आठवतं ते असं. पोटात खड्डा पडला. बुडाला काहीतरी लागलं. "शुभमंगल सावधाऽऽन!" कानाशी वारा. तोंडावर आंब्याची पानं. मग नुसता धुरळा, घागरमाळांचा खणखणाट आणि चार माणसं मला उचलून मारुतीच्या पारावर नेताहेत.

डोळे उघडले तेव्हा सगळं गाव वेशीकडं बघत होतं. आबांची जोडी तोरणाच्या अलीकडंच उभी. तोरण तुटलेलं. आणि पलीकडं औशाच्या रस्त्यानं धुळीची एक रेघ लांब लांब चाललेली. रायल्या जिंकला होता! जन्मात पहिल्यांदा त्याला आपल्यापेक्षा हळू पळणारे भिडू मिळाले होते.

"बैलं माघारी वळवा," आबा म्हणाले.

"आबा, आवो..." तात्या पुढं झाले.

"आज्यापासनं चालत आलेला मान गेला, तात्या. घोडं पयलं गेलं वेशीतनं. मी आता कोणत्या तोंडानं बैलं पुढं घालू? माझी जोडी जाणार न्हाई. आन माझी न्हाई तर कुणाचीच न्हाई."

गावाचा पोळा अडकला. घरोघर पुरणाचा नैवेद्य बैलांची वाट बघत होता. बायका-माणसं माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी त्यांच्या पुरणात मीठ घातलंय. तात्या पांढरेफटक पडले होते. मग मात्र त्यांनी काठी आपटली.

"आबा! रेसचा कायदा हाय. वरचा जॉकी पडला, तर मोकळं घोडं पयलं आलं तरी त्याचा नंबर धरत न्हाईत. मोकळं घोडं गेलं म्हंजे गेलंच न्हाई! मान तुमच्याच जोडीचा!"

आबा थांबले. जाणती माणसं पुढं सरकली. "खरं हाय?" "हाव, टीव्हीत बी सांगतेत." आबांनी जरा विचार केला आणि मुद्द्याचं विचारलं, "पर जॉकी पडला कुठं? तोरणाच्या अलीकडं का पलीकडं? पलीकडं पडला असंल, तर घोडं माणसासकट गेलंय."

सगळं गाव माझ्याकडं वळलं. शेवटच्या कडव्याला सगळ्यांचे डोळे तोरणावर, मग नुसता धुरळा; मला उचलणाऱ्यांनाही मी नेमका कुठं सापडलो ते सांगता येईना.

"अलीकडंच की!" तात्या म्हणाले आणि त्यांनी मला असा चिमटा काढला की महिनाभर वळ होता. "सांग बाळ्या!"

एक शब्द म्हणायचा होता. अलीकडं. तेवढ्यानं आबांचा मान राहत होता, पोळा फुटत होता, चंद्राची निदान आशा तरी उरत होती. पण सेहेचाळीस वर्षांचा हेडक्लार्क, गळ्यात आंब्याचं तोरण, समोर सगळं गाव! माझ्यातला तो फोटोतला माणूस जागा झाला.

"पलीकडं!" मी म्हणालो. "चांगला पाच-सहा पावलं! हे बघा, तोरण गळ्यात आलंय! मी तोडलंय ते!"

तात्या मटकन पारावर बसले. आबांनी कासरा वळवला.

"थांबा आबा," वंदना गर्दीतून पुढं आली. "मी व्हिडिओ काढलाय."

एवढ्याशा पडद्यावर पन्नास डोकी वाकली. मीही मान घुसवली. व्हिडिओत मंगलाष्टक चाललं होतं. मी डोळे मिटून बसलेलो. समोर ज्वारीच्या अक्षता पडल्या आणि रायल्यानं त्या खायला मान खाली घातली. बस्स! मी त्याच्या मानेवरून, डोळे मिटलेल्या स्थितीत, अगदी संथपणे, घसरगुंडीवरून यावं तसा खाली आलो आणि त्याच्या पुढ्यात मांडी घालून बसलो. हात अजून आयाळ धरल्यासारखे वर! मग "सावधान" झालं. रायल्या उसळला, माझ्या डोक्यावरून गेला आणि तुटलेलं तोरण माझ्या गळ्यात पडलं.

म्हणजे मी तोरणाच्या अलीकडं पडलो होतो. शर्यत सुरू व्हायच्याही अलीकडं.

गाव हसत सुटलं. लोकांनी पोट धरून वेशीच्या भिंतीला टेकून घेतलं. एकटे आबा हसले नाहीत.

"पुन्हा लाव," ते म्हणाले. वंदनानं लावला. "आनखी एकदा." चार वेळा लावला. तात्या मेल्यासारखे बसून होते. शेवटी आबांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"इथं. पाय बघा त्येचं. एवढं उधळलेलं जनावर, पायात माणूस बसलाय, आन कसं चारी पाय गोळा करून वरनं गेलंय. खूर न्हाई लावला." त्यांनी मोबाइल परत दिला. "तात्या, मी चुकलो. हे माणूस तुडवणारं न्हाई. मान माझा हाय, आन चंद्रा उद्या सकाळी तुझ्या दारात हाय."

तात्या रडले. उपरणं तोंडाला लावून लहान मुलासारखे रडले, आणि खरं सांगतो, त्या क्षणी मला माझ्या कमरेचं काही वाटलं नाही. आबांची जोडी वाजतगाजत वेशीतून गेली. रायल्या कुठं गेला म्हणून पोरं धावली, तर तात्या म्हणाले, "चौदाशे मीटरची सवय हाय त्याला. ओढ्याच्या पुलापशी असंल." तिथंच होता. कुणीतरी येऊन अंगावर पाणी ओतील म्हणून शांतपणे उभा.

अकरा महिन्यांनी चंद्राला शिंगरू झालं. आईचे कान, बापाचे पाय. तात्या माळावर खुर्ची टाकून बसतात आणि ते पळताना बघतात. त्यांच्या वहीत रायल्याच्या बावीस शर्यतींखाली तेविसावी लिहिलेली आहे, 'पोळा, गावची वेस. पहिला. जॉकी पडल्यामुळं निकाल बाद.' आता उदगीर, देवणीकडून माणसं घोड्या घेऊन येतात. तात्या आधी त्यांना सात पिढ्यांचे कागद दाखवत नाहीत. आधी माझा व्हिडिओ दाखवतात. मग लोक हसतात, मग रायल्याचे पाय बघतात, आणि मग घोडी ठेवून जातात.

यंदा पोळ्याला आम्ही गेलो, तर अंगणात उदगीरकडचे एक पाहुणे बसलेले. तात्यांनी मला बाजूला घेतलं आणि खांद्यावर हात ठेवला.

"बाळ्या, लई जातिवंत घोडी हाय ह्यांची. पर आजकाल मोबाइलात काय बी करतेत म्हनून बसलेत. समोर बघायचंय म्हनतेत." त्यांनी डोळ्यांत पाणी आणलं. "पडतूस का एकदा?"

मी ताठ मानेनं नाही म्हणणार होतो. पण एका खानदानाचा प्रश्न होता. मी हेल्मेट मागितलं.

"या खेपेला मोबाइल आडवा धरते," वंदना म्हणाली. "मागच्या वेळी मांडी घालताना तुमचा एक गुडघा कापला गेला होता."