एकशे चाळीसवरची लाल खूण

टायरमध्ये हवा भरायला थांबलो, की ती केस आजही आठवते आणि माझं मलाच हसू येतं.

निवृत्तीला थोडी वर्षं उरली होती. शेंद्र्याजवळच्या पोलीस ठाण्यात होतो. प्लास्टिकचे पाईप बनवणारा एक कारखानदार तक्रार घेऊन आला. पाईपात पाणी भरून दाब तपासणारा कामगार मुद्दाम माल फोडतोय, असं त्याचं म्हणणं. सोमवारपासून तपासणीत एकही पाईप टिकला नव्हता. त्यात आमच्या खबऱ्यानं सांगितलं, की हा कामगार दुसऱ्या कारखान्याच्या माणसासोबत रोज चहा पितो. मला वाटलं, झालं काम.

कामगाराला बोलावलं. पन्नाशीचा, शेंद्र्याचाच, अठरा वर्षं हेच काम करणारा.

"चहा कोणासोबत पितोस?" मी दरडावलं.

"साडू हाय साहेब माझा."

"मग पाईप का फुटतात?"

"मीटरवर लाल खूण हाय, तिथवर काटा न्यायचा, येवढंच माझं काम. पन काटा चाळीसवर जायच्या आतच पाईप फुटतो. आता चोर म्हणून गावात कसं फिरू, साहेब?"

त्याचे डोळे भरले होते. मी ते नाटक समजलो. उद्या अटक करायची, असं ठरवून जबाब बंद केला.

सकाळी पुंडलिकनगरात घराजवळच्या टायरवाल्याकडे थांबलो. सवयीनं म्हणालो, "तीस भर." त्याच्याकडे नवीन मशीन आलं होतं.

"साहब, पुराना मीटर पौंड का था, ये किलो का है," तो हसला. "इसपे तीस डाला तो टायर भी जाएगा और मैं भी! एक किलो मतलब चौदा पौंड." त्यानं दोनच्या जरा पुढं आकडा लावला.

मी तसाच कारखान्यात गेलो. भंगारात काच फुटलेला जुना मीटर सापडला. तो पौंडाचा, लाल खूण एकशे चाळीसवर. नवा मीटर किलोचा, आणि खूण पुन्हा एकशे चाळीसवरच! एकशे चाळीस पौंड, म्हणजे दहा किलो दाब सोसणाऱ्या पाईपाला चौदापट दाब. काटा दहावर थांबवून बघितला, तर पाईप ठणठणीत.

"ही खूण कोणी केली?"

कारखानदारानं ती खूण बोटानं पुसून बघितली. "मीच. रविवारी मीटर मीच बदलला. एकशे चाळीस तोंडपाठ होतं ना."

सगळ्या कामगारांसमोर त्याला माफी मागायला लावली आणि तक्रार निकाली काढली.

आकडा ऐकला, की आधी "कशाचा?" हे विचारायचं, एवढी अक्कल मला इतक्या नोकरीनंतर आली. परवा डॉक्टर म्हणाले, रक्तदाब एकशे चाळीस. मी विचारलं, "किलो की पौंड?" आमची सौ. कपाळाला हात लावून बसली.

तो कामगार अजून भेटतो. चारचौघांत माझी ओळख करून देतो, "ह्या साहेबांनी मला नाय, मीटरला धरलं!" लोक हसतात, मीही हसतो. त्या दिवशी टायरची हवा कमी नसती, तर मी त्या कामगारदादांनाच धरलं असतं, हे मात्र त्यांना कधी सांगितलं नाही. आता हे वाचून कळेल. दादा, माफ करा.