बंबात गेलेलं बी

अक्का गेल्याचा फोन शेजारच्या डॉक्टरांकडे आला, तेव्हा मी परसात वांग्याच्या वाफ्यापाशी उकिडवी बसले होते. मृगाचे दिवस, सकाळचे साडेआठ-नऊ. डॉक्टरांची सून कुंपणापलीकडून म्हणाली, "काकू, जळगावहून फोन आहे. सुशीलाताईंचा." तिच्या आवाजावरूनच मला काय ते कळलं. मातीच्या हातांनीच रिसीव्हर धरला. सुशीला एवढंच म्हणाली, "मामी, आई गेली." मी म्हटलं, "बरं." मरणाची बातमी ऐकून 'बरं' म्हणणारी बाई आमच्या अख्ख्या नात्यात मी एकटीच असेन. पण मला त्या क्षणी रडू सुचलं नाही. सुचलं ते एवढंच, की आता सांगायचं राहिलं... कायमचं राहिलं.

अक्का म्हणजे माझ्या यजमानांची थोरली बहीण. सोनगीरच्या पुढे त्यांचं सासर. मी धुळ्याची, नोकरदार घरातली, गॅसच्या शेगडीवर चहा करणारी सून, आणि त्या लुगड्याचा काचा मारून वावरात उभ्या राहणाऱ्या. लग्नानंतर पहिली काही वर्षं मी त्यांना मनातल्या मनात अडाणी म्हणत असे. ही माझी तेव्हाची अक्कल. आमच्या घरामागे चांगली वीस पावलांची मोकळी जागा होती आणि मी तिथे काय लावलं होतं, तर कपडे वाळत घालायची तार. कुंडीतली रोपंही बाजारातून फुलासकट आणायची, फुलं झडली की रोप मेलं असं समजून कुंडी पालथी घालायची. आता माझी नात हे ऐकून लोळते हसून. हसू दे.

अक्कांचे यजमान गेले, वावर दिरांकडे कसायला गेलं, आणि सुशीलाने आईला जळगावात मेहरूणला आपल्या घरी नेलं. दुसरा मजला, पुढे एक हातभर गॅलरी, तिथून तळ्याचा तुकडा दिसतो. जाण्याआधी अक्का धुळ्याला आमच्याकडे उतरल्या, ऐंशी सालानंतरचा तो एक उन्हाळा असेल. पिशवीत कैऱ्या होत्या, आणि जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेल्या चार शेण्या. तळहाताएवढ्या, चपट्या. अक्का म्हणाल्या, "इंदू, हाई मायनं बी शे. भरिताच्या वांग्यानं. मिरग लागना का भिजत घाल. मन्हाकडे आते माती नही." माझ्या सासूबाई वांग्याचं बी राख आणि शेणात कालवून भिंतीवर थापत, म्हणजे त्याला कीड लागत नाही. लेकीच्या लग्नात त्यांनी दागिन्यांसोबत तेही दिलं होतं. ते बी अक्का दर वर्षी लावत, दर वर्षी नव्याने थापून ठेवत. हे सगळं त्यांनी मला त्या दिवशी नीट सांगितलं. मी मान हलवत होते. लक्ष माझं कैऱ्यांत होतं, लोणचं घालावं की मोरंबा यात.

शेण्या मी मागच्या पडवीत नेऊन ठेवल्या. कुठे, तर बंबाच्या जळणाशेजारी. शेण्यांची जागा तीच, असं माझ्या शहाण्या डोक्याने ठरवलं.

मृगाला तीन-चार दिवस असताना अक्का पुन्हा आल्या, धुळ्यातल्याच एका लग्नाला. पहाटे उठून मी त्यांच्या अंघोळीसाठी बंब पेटवला. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्या, ओलसर होत्या, नुसता धूर. हाताशी फडक्यातलं ते कोरडं खडखडीत जळण आलं. मी एक-एक करून चारही शेण्या बंबाच्या पोटात घातल्या. काय सुरेख पेटल्या... त्यातून तडतड आवाज आला, तेव्हासुद्धा मला काही आठवलं नाही. पाणी कढत झालं. अक्का न्हाऊन आल्या, ओले केस पाठीवर सोडून ओसरीत बसल्या आणि म्हणाल्या, "पानी मस्त व्हतं. मायनं बी कथं ठेवं तू? काढी ठेव, आते मिरग उना."

माझ्या हातात चहाची कपबशी होती. मी म्हटलं, "माळ्यावर आहे, अक्का. डब्यात. नीट ठेवलंय." इतक्या सफाईने म्हटलं, की माझी मलाच लाज वाटायला हवी होती. ती वाटली दुपारी. सगळे लग्नाला गेले आणि मी बंबाची राख काढून परातीत चाळत बसले. एखादी बी तरी सापडेल म्हणून. काळे काळे ठिपके होते. बोटाने दाबले की पीठ.

दुसऱ्या दिवशी अक्का मेहरूणला गेल्या आणि मी आग्रा रोडवर बियाण्याच्या दुकानात. दुकानदाराने विचारलं, "वावर किती आहे, ताई?" मी म्हटलं, "कपड्याच्या तारेखाली आहे." त्याने एक पाकीट दिलं, वर हिरव्या वांग्याचं चित्र. त्या पाकिटाला आईचं बी करायचं असं मी ठरवलं होतं. ते उगवलं नाही तर खोटं उघडं पडणार होतं, म्हणून मी आयुष्यात पहिल्यांदा एखादी गोष्ट उगवावी म्हणून जीव टाकला.

पहिल्या खेपेला बी चांगलं वीतभर खोल पुरलं. सुरक्षित राहावं म्हणून. यजमान म्हणाले, "उगवलं तर अमेरिकेत उगवेल." दुसऱ्या खेपेला वरवर भुरभुरलं, तर मुंग्यांनी रांग लावून नेलं, आणि मी चष्मा लावून ती रांग, तो मुंग्यांचा उत्साह पाहत बसले. तिसऱ्या खेपेला माती चाळली, शेणखत मिसळलं, नखाएवढं खोल बी टाकलं, वर गोणपाट घातलं. आठव्या दिवशी सकाळी गोणपाट उचललं आणि तशीच उभी राहिले. मातीला बारीक भेगा पडल्या होत्या. प्रत्येक भेगेतून एक पांढुरकी मान वाकून वर येत होती, काहींच्या डोक्यावर बियाचं टरफल टोपीसारखं अजून अडकलेलं. बेचाळीस वर्षांची बाई, तीन मुलांची आई, मी त्या वाफ्यापाशी फतकल मारून बसले ती दूध उतू जाऊन करपल्याचा वास येईपर्यंत. तीन मुलं झाली तेव्हा असं बघायला मला सवड मिळाली नव्हती. माझं खोटं असं दोन-दोन पानांनी वर आलं होतं आणि मला ते फार आवडलं होतं.

मग मला वेडच लागलं. लिंबाच्या बिया, पपईच्या, सीताफळाच्या, भाजीतल्या टोमॅटोच्या, कुणाच्या दारातली गुलबक्षी... यजमानांचा दाढीचा मग रोपाखाली गेला. ते पानावर बसले की म्हणत, "आज यातलं काही पेरायचं ठेवलंय, का खाऊ सगळं?" सुख होतं ते, नाही म्हणणार नाही. पण संध्याकाळी कुणाच्या घरी शेणी जळल्याचा वास आला, की ओले केस पाठीवर सोडून ओसरीत बसलेल्या अक्का दिसत. अक्का तेव्हा जळगावात जिवंत, धडधाकट. तरी माझ्या ओसरीत त्या बसलेल्या असत. जिवंत माणसाचं असं घरात वावरणं फार वाईट.

मार्गशीर्षात अक्का आठ दिवस राहायला आल्या. वाफ्यात वांगी लगडली होती. अक्का त्यांच्यापुढे बसल्या, एक वांगं तोडलं, आणि देठाखालच्या टोपीवर अंगठा फिरवला. एकदा, मग पुन्हा एकदा. मी त्या अंगठ्याकडे पाहत होते. सासूबाईंच्या वांग्याच्या देठाला काटे असत, बारीक, तोडताना बोटात घुसणारे. ते मला त्या घडीला आठवलं. पाकिटातल्या वांग्याचा देठ लोण्यासारखा होता. अक्कांनी वांगं माझ्या हातात दिलं, म्हणाल्या, "चाल, भरीत कर."

पऱ्हाट्यांवर वांगी भाजली, हिरवी मिरची, लसूण, पातीचा कांदा घालून भरीत केलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी केल्या. यजमान म्हणाले, "अगदी आईच्या हातचं लागतंय." अक्का मान खाली घालून जेवत होत्या. जरा वेळाने म्हणाल्या, "चवले बरं शे, भाऊ." हात धुऊन त्या परसात गेल्या आणि लुगड्याच्या काठाची एक चिंधी फाडून त्यांनी वाफ्यातल्या सगळ्यात डौलदार वांग्याला बांधली. "हाई तोडू नको. पिकू दे. तुन्हं बी व्हई."

तुन्हं बी. त्या दिवसानंतर अक्कांच्या तोंडून 'मायनं बी' हा शब्द मी कधी ऐकला नाही.

पुढची चौदा वर्षं हेच चाललं. दर हिवाळ्याला अक्का येत, वाफ्यातून फिरत, एक वांगं निवडून चिंधी बांधत. ते पिवळं झालं की मी बी काढी, धुई, राखेत चोळून थापी. मला त्यांनी सगळं शिकवलं. रोप उपटताना पान धरायचं, देठ नाही. रोप लावायचं ते संध्याकाळी, ऊन उतरल्यावर. कोथिंबीर का येत नाही म्हणून मी सारखी वाफ्याभोवती घुटमळायचे, तेव्हा त्या उंबऱ्यातून म्हणत, "बी ले घाई नही ऱ्हास, इंदू. घाई तुले शे." दर हिवाळ्याला मी ठरवायचे, आज सांगू. एकदा तर 'अक्का, ते बी...' इथपर्यंत आले. त्या म्हणाल्या, "काय?" मी म्हटलं, "काही नाही, यंदा जरा कमी आलं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा चिंधी बांधायला लागल्या. गाठ त्यांनी दोनदा मारली.

तेराव्याला मेहरूणला सगळे जमले होते. जेवणं झाल्यावर सुशीला चारचौघांत म्हणाली, "मामी, आजीचं बी तुमच्याकडेच राहिलंय आता. मला थोडं द्या. गॅलरीत लावीन, आईची आठवण." सगळ्या बायकांनी हळहळून माना हलवल्या. मी म्हटलं, "पाठवते." घरी येऊन पुडी बांधली, वर काय लिहावं म्हणून पेन धरून बसले, आणि पेन ठेवून दिलं. तीन आठवडे ती पुडी देवळीत होती. येता-जाता दिसायची.

गेल्या मंगळवारी मी एसटीत बसले आणि मेहरूणला गेले. सुशीलाने पाणी दिलं. मी चटईवर पुडी ठेवली आणि सगळं सांगितलं. बंब, शेण्या, राख, दुकान, पाकीट. सांगायला दहा मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

सुशीलाने पुडीकडे पाहिलं. मग म्हणाली, "त्याच पाण्याने आईने अंघोळ केली?"

"हो."

"आणि चौदा वर्षं आम्ही आजीचं बी, आजीचं बी म्हणून ते भरीत खात होतो."

"हो गं."

"आईला कळलं होतं?"

मी तिला देठावर फिरलेल्या अंगठ्याचं सांगितलं. ती म्हणाली, "मग ती बोलली का नाही?" या प्रश्नापर्यंत मी कितीतरी वेळा एकटीने आले आहे आणि तिथूनच परत फिरले आहे. सुशीलाने पुडी उचलली नाही, परतही दिली नाही. उठली, तांब्या घेतला आणि गॅलरीत गेली. मला काय करावं कळेना, म्हणून मीही मागे गेले.

गॅलरीच्या कोपऱ्यात वरून कापलेला तेलाचा डबा होता, मातीने भरलेला. वर काहीच उगवलेलं नव्हतं. सुशीला त्यात हलक्या हाताने पाणी घालत होती.

"आईने पेरलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "दवाखान्यात न्यायच्या आदल्या सकाळी. चंचीतून काहीतरी काढलं आणि इथे बसून टोचलं. मी विचारलं, काय आहे, तर म्हणे, येऊ दे, मंग देखजो. मी रोज पाणी घालते."

मी वाकले. डब्यापाशी उकिडवी बसले. शेण्या चारच होत्या ना... की आणखी एखादी होती, जी अक्कांनी माझ्या हाती दिली नाही, आणि माझ्या परसात माती आहे हे ठाऊक असूनही पुढे कधी दिली नाही? दिली नाही ते बरोबरच म्हणायचं. वांगं आठ-दहा दिवसांत वर येतं. मेथी तीन दिवसांत, कारलं रुसलं तर पंधरा. अक्कांना जाऊन चाळीस दिवस होत आले होते. आणि बी चौदा वर्षांचं असेल, तर त्यात काही उरत नाही. हे सगळं मला अक्कांनीच शिकवलं होतं.

"येईल ना हो, मामी?" सुशीलाने विचारलं.

मी मातीला बोट लावलं. थंड होती, ओलीगच्च.

"पाणी जरा कमी घाल," मी म्हटलं.