पाटीलबाईचा ठिपका

माझं प्रेत शोधायला डोहात उतरलेला मुलगा वर येईना. काठावर त्याचे दोन मित्र उभे होते. एक रडत होता. दुसरा मोबाईल हातात धरून पाण्याकडे बोट करत होता, "इथंच दाखवत होतं, इथंच." पलीकडच्या दगडांवर कपडे धुणाऱ्या बायका कपाळ बडवत होत्या. "चांगली होती गो बाई," त्यांच्यातली एक म्हणाली. तिने हयातीत मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं. मी या सगळ्यांच्या मागे गुडघे धरून धापा टाकत उभी होते आणि माझ्याकडे कोणी वळून पाहत नव्हतं. पाण्यावर बुडबुडे आले, मग तेही थांबले.

हे कसं घडलं ते सांगते. मी अधिकारी वगैरे नव्हे. लांज्याकडच्या एका गावाची मी पोलीस पाटील होते. शिक्षण सातवी. आधी नवरा पोलीस पाटील होता. तो गेल्यावर प्रांतसाहेबांनी मला मुलाखतीला बोलावलं आणि नेमलं. गावात काही घडलं तर ठाण्याला कळवायचं, पंचनाम्याला उभं राहायचं, समन्स घेऊन आलेल्या शिपायाला घर दाखवायचं, सणाच्या आधी बैठक घ्यायची. अधिकार थोडा आणि चालणं भरपूर, अशी ती नोकरी. नाव मी कुणाचंच घेणार नाही. सगळे अजून गावात येऊन-जाऊन आहेत आणि मलाही तिथेच राहायचं आहे.

निवृत्तीला दोन वर्षं असताना ठाण्याने सगळ्या पोलीस पाटलांचा मोबाईलवर ग्रुप केला. मुंबईहून मुलाने मोठा फोन पाठवला. मला त्यात काही कळत नव्हतं. आमच्या वाडीतला बारावीचा एक मुलगा या कामात हुशार. त्याला बोलावून फोन दिला. अर्धा तास बोटं चालवून तो म्हणाला, "काकी, आता टेन्शन नको. सगळं चालू करून दिलंय."

त्याने खरोखरच सगळं चालू करून दिलं होतं.

त्यानंतर गावातली तरुण मुलं सुधारली. आधी देवळासमोरच्या पारावर ती पाय पसरून पडलेली असायची. आजूबाजूला वेफर्सची पाकिटं, मोटारसायकली रस्त्यात आडव्या, एखाद्याच्या बोटात सिगारेट. आता मी गेले की पार झाडलेला, गाड्या रांगेत. मुलं उठून उभी राहायची. "बसा काकी, पाणी देऊ काय?" एकदा एक जण चक्क वर्तमानपत्र वाचत होता. ठाण्यातल्या मासिक बैठकीत मी इतर पाटलांना सांगितलं की धाक असा पाहिजे, आरडाओरडा करून मिळत नाही. त्यांनी माना डोलावल्या. मला बरं वाटलं.

एप्रिलमध्ये काजूची चोरी सुरू झाली. आमच्या गावच्या एका बागायतदाराची नदीच्या वरच्या अंगाला मोठी बाग आहे. तिथे राखणीला नेपाळचा गुरखा होता. बायको आणि मुलगी घेऊन बागेतल्याच खोपीत राहायचा. मुलगी आमच्या शाळेत चौथीला. गुरखा जेवायला खोपीत गेला की तेवढ्या वेळात खालच्या अंगाची काजूची बी गोळा होऊन नाहीशी व्हायची. बागायतदार माझ्याकडे आला. मी गस्त सुरू केली. सकाळी जाऊन पाहिलं, भर दुपारी पाहिलं, एकदा पाठच्या वाटेने उतरून पाहिलं. बागेत कधी चिटपाखरू दिसलं नाही. मी गेले नाही की त्या दिवशी बी जायची.

बागायतदाराने विचारलं तेव्हा मी सांगितलं, "बाहेरचं कोणी येत नाही. मी स्वतः पाहते आहे."

"मग आतलाच," तो म्हणाला. देवळासमोर चार माणसांत त्याने गुरख्याला चोर ठरवलं. सोमवारी ठाण्यात देणार आणि बायको-मुलीला गाडीत बसवून देणार, असं जाहीर केलं.

गुरखा माझ्या अंगणात येऊन उभा राहिला. "पाटीलबाई, मी बी विकणार कुठे? मी लांज्याला गेलो तर सगळा बाजार ओळखतो, गुरखा आला म्हणून. आणि मुलीची परीक्षा हाय."

त्याचं म्हणणं बरोबर होतं. पण त्याला चोर ठरवलं होतं ते माझ्याच शब्दावर. बुधवार उजाडला होता. सोमवारपर्यंत माझ्याकडे पाच दिवस होते.

इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले होते. आपण पोचायच्या आत चोराला कळत असेल तर खबर आपल्याच घरातून जाते. मी सुनेला चुलीजवळ गाठलं. "मी कुठे जाते ते तू कुणाला सांगतेस?"

तिने भाकरी उलटली. "तुमी कुठं जाता ते मला तरी सांगता काय?"

हेही बरोबर होतं. चौकशी तिथेच संपली.

गुरुवारी फोनची बॅटरी उतरली म्हणून तो घरी पिनेला लावून मी तशीच बाहेर पडले. पारावर गेले तर जुनीच जत्रा. पाय पसरलेले, पाकिटं पडलेली. माझा फोन लावून देणारा मुलगा मला पाहून ताडकन उठला आणि म्हणाला, "काकी, तुमी? तुमी तर घरी होताव ना?"

बाकीच्या दोघांनी त्याच्याकडे असं पाहिलं की मला पुढे काही विचारायची गरज राहिली नाही. मी म्हटलं, "होते. आले." आणि पाकिटं उचलायला लावून घरी परतले.

दुसऱ्या दिवशी फोन घेऊन ठाण्यात गेले. तिथला हवालदार वयाने माझ्या मुलाएवढा. त्याने फोन हातात घेतला, नकाशा उघडला आणि हसायला लागला. हसता हसता चहा टेबलावर सांडला.

"बाई, हा निळा ठिपका दिसतो? ह्या तुम्ही. तुम्ही हलाल तसा हा हलतो. आणि तो तुमच्याबरोबर आणखी एकाला चोवीस तास दिसतो." त्याने नाव वाचलं. बारावीवाला. "म्हणजे तुम्ही गस्तीला निघाल्या की पोरं गस्त पाहतात. बंद करून देऊ?"

"नको. राहू दे."

मला पाहणं हा काही मोठा गुन्हा नव्हता. बी उचलणं हा गुन्हा होता, आणि तो डोळ्यांनी पाहिल्याशिवाय गुरखा सुटणार नव्हता.

शनिवारी सकाळी मी फोन दुधाच्या पिशवीत गुंडाळला, फडक्यात बांधला आणि आमच्या म्हशीच्या गळ्यात अडकवला. ती रोज सड्यावर, गावाबाहेरच्या कातळाच्या माळावर, चरायला जाते. सडा बागेच्या अगदी उलट दिशेला. मुलांना मी दिवसभर सड्यावर दिसणार आणि मी बागेत करवंदीच्या जाळीत बसणार, असा बेत होता. एक गोष्ट मी विसरले. एप्रिलच्या उन्हात कातळावर गवताची काडी नसते. दुपार झाली की म्हैस आपली आपण नदीच्या डोहात जाऊन बसते. हे मला ठाऊक असायला हवं होतं. म्हैस माझी होती.

गुरखा जेवायला गेला आणि तीन मुलं आली. एक बारावीवाला, एक त्याचा मित्र, आणि तिसरा बागायतदाराचा सख्खा पुतण्या. मी जाळीत श्वास रोखून बसले. दोघं बी गोळा करत होते आणि बारावीवाला फोन पाहून बातम्या देत होता.

"काकी सड्यावर हाय. कवाधरनं एकाच जागी फिरतेय."

"शेण गोळा करत आसंल," मित्र म्हणाला.

"आता खाली उतरली. नदीवर चालली."

"न्हायला."

"आयला, सरळ पाण्यात घुसली बग. कपडे-बिपडे कायतरी काढायचे तरी."

ते हसले. गोणी बांधली की झडप घालायची, असं मी ठरवलं होतं. तेवढ्यात बारावीवाल्याचं हसू थांबलं.

"डोहाच्या मधोमध गेली. आता हलत नाय."

"फोन लाव."

त्याने लावला. "बंद येतोय."

"काकी पवते काय रे?"

"ह्या वयात काय पवणार?"

याचा मला राग आला. त्या डोहात मी त्यांचे बाप जन्मायच्या आधीपासून पोहते आहे.

मग मित्र म्हणाला, "आपण गेलो तर विचारतील, तुमाला कसं कळलं. सगळं भायेर येईल."

"मंग काय करायचं?"

"मेली आसंल तर आता जाऊन काय उपेग?"

पुतण्याने गोणी टाकली. "आणि जिती आसंल तर?"

एवढं बोलून तो पळत सुटला. मागोमाग दुसरे दोघं. मी तिथेच ओरडायला हवं होतं. ओरडले नाही, कारण मला ती पोरं गोणीसकट हवी होती. तेवढा क्षण गेला आणि तोपर्यंत पोरं बांध ओलांडून गेली. पावलांचा आवाज ऐकून गुरखा उष्ट्या हाताने खोपीतून बाहेर आला आणि "चोर, चोर" करत काठी घेऊन त्यांच्या मागे लागला. मी जाळीतून निघून त्याच्या मागे. हाका मारल्या, पण त्याच्या ओरडण्यात माझा आवाज कुणाला जाणार?

पुतण्याने डोहात उडी मारली, ती म्हशीपासून दोन हातांवर. म्हैस रवंथ करत त्याच्याकडे पाहत राहिली. तो पहिल्यांदा वर आला, श्वास घेतला, "दिसत नाय" म्हणाला आणि पुन्हा खाली गेला. त्या दुसऱ्या बुडीनंतर तो वर आला नाही. मी पोचले ती तेव्हा.

गुरख्याने काठी फेकली आणि अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात गेला. तो कुठल्याशा मोठ्या नदीकाठचा, हे मला नंतर कळलं. मी हाक मारून म्हशीला काठाशी घेतलं, तिचं दावं सोडलं, कमरेइतक्या पाण्यात उतरले आणि दाव्याचं टोक त्याच्याकडे टाकलं. दोनदा तो रिकाम्या हाताने वर आला. तिसऱ्यांदा त्याच्या मुठीत केस होते. मुलाचा पाय खडकाच्या कपारीत अडकला होता. आम्ही त्याला काठावर ओढला, पालथा घातला, पाठीवर थापट्या दिल्या. बराच वेळ काही झालं नाही. मग त्याने पाणी ओकलं, डोळे उघडले आणि मला पाहिलं.

"काकी, तुमी मेलाव नाय?"

"नाही मेले. तू काय करतोस इथे?"

तेव्हा कुठे कपडे धुणाऱ्या बायकांनी माझ्याकडे पाहिलं. मघाचं कौतुक लगेच बंद झालं. "काय बाई तरी, माणसाच्या जिवाशी खेळ," असं सुरू झालं.

मी चौकशीत कधी कुणावर हात उगारला नाही. एक प्रश्न विचारायचा आणि गप्प बसायचं. उत्तर देणाऱ्यापेक्षा गप्प बसणाऱ्याला कमी त्रास होतो. मी तिघांना ओळीत बसवून विचारलं, "मी डोहात आहे हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

बारावीवाला रडायला लागला. "नकाशाने."

"आणि नकाशाला?"

मग सगळं आलं. ठिपका कसा लावला ते, बी लांज्याला कुठे विकली ते, आणि कशासाठी ते. गावच्या क्रिकेट स्पर्धेचे सामने मोबाईलवर थेट दाखवायला त्यांना उडता कॅमेरा घ्यायचा होता. पलीकडच्या वाडीकडे होता म्हणून. गुरखा शर्ट पिळत ऐकत होता. त्याने एकच विचारलं, "आजची गोणी कुठे?"

"बागेतच टाकली," पुतण्या म्हणाला.

"बांधली नाय तर माकडं खातील," असं म्हणून गुरखा काठी शोधायला लागला.

बागायतदार संध्याकाळी माझ्याकडे आला. चहा घेतला आणि म्हणाला, "जाऊ दे पाटीलबाई, घरातलं प्रकरण हाय. पोरगं वाचलं हे काय थोडं झालं?"

"गुरखा होता तेव्हा ठाणं, आणि पुतण्या निघाला की घर?" मी म्हटलं. "ज्या चार माणसांत त्याला चोर म्हटलंत, त्याच चार माणसांत तो चोर नाही म्हणायचं. उद्याच. नाहीतर सोमवारी ठाण्यात मीच जाते, तिघांना घेऊन."

रविवारी देवळासमोर तो बोलला. आवाज बारीक होता, पण बोलला. सोमवारी मी ठाण्यात तरीही गेले, कारण कळवणं माझं काम होतं. साहेबांनी मुलांना आणि त्यांच्या बापांना बोलावून लेखी समज दिली. बापांनी तिथेच सांगितलं की सगळा दोष मोबाईलचा. हे सांगत असताना एका बापाच्या खिशातला मोबाईल वाजला आणि तो बोलायला बाहेर गेला.

मोबाईलने पोरं बिघडली, असं मलाही पुष्कळ जण म्हणायला लावतात. काजू आमच्या वेळीही चोरले जायचे. तेव्हा एक पोर झाडावर बसून पाटलाची वाट पाहायचं आणि शीळ घालायचं. आता ते पोर पाटलाच्या पिशवीत बसतं, एवढाच फरक. मला दुसरीच गोष्ट लागली. मुलं मला पाहून उठतात याला मी मान समजत होते. ती ठिपक्याला पाहून उठत होती, आणि दहा मिनिटं आधीच. तसला मान मला कित्येक महिने गोड लागला आणि त्या गोडीत मी एका गरीब माणसाला चोर ठरू दिलं. खरा मान त्या दुपारी मिळाला असेल तर मिळाला, भरलेली गोणी टाकून तो मुलगा धावला तेव्हा. पण तो मिळण्यासाठी मला मरावं लागलं आणि त्यालाही जवळजवळ. पुढच्या पोलीस पाटलाने हा मार्ग धरू नये.

गुरख्याची मुलगी त्या वर्षी चौथी पास झाली. तो अजून त्याच बागेत आहे. पुतण्या मुंबईला नोकरी करतो, शिमग्याला येतो. डोहाच्या तळाशी त्या दुपारी दोघे गेले होते, दोघेही जिवंत आहेत.